‘काही नाही मॅडम, बरी आहे’ हे उत्तर चूक आहे

बाजारात मी तुला साधा प्रश्न विचारला होता, कशी आहेस. तू सांगितलंस की मुलाचा बारावीचा अभ्यास जोरात चालू आहे, मुलीचा ताप उतरला, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि यंदा धानाला तुडतुडा लागला. मी पुन्हा विचारलं, अगं, तू कशी आहेस? तेव्हा म्हणालीस, ‘काही नाही मॅडम, बरी आहे,’ आणि दुकानाच्या पायरीवर टेकलीस. ओठ पांढरे पडलेले, डोळ्यांखाली काळं, चार पायऱ्यांत धाप. जन्मभर मुलींचे चेहरे वाचत आलेली बाई आहे मी. माझ्यासमोर हे चालायचं नाही.

तिथे चारचौघांत बोलले नाही, म्हणून आता बोलते. तुझ्याच एकटीवर राग आहे असं समजू नकोस. तुझ्या बॅचच्या ज्या ज्या पोरी कुरखेड्यात नि आजूबाजूच्या गावांत संसार करताहेत, त्या सगळ्यांच्या तोंडून मी हेच उत्तर ऐकते. वर्गात कुणी चुकीचं उत्तर एका सुरात दिलं तर ते बरोबर ठरत नव्हतं. आताही ठरणार नाही.

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात वसा आणि अमिर्झा ही दोन गावं आहेत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या बायांची तपासणी केली आणि ते काम जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ६५० बाया तपासल्या होत्या. त्यांतल्या ५५ टक्के बायांना काही ना काही त्रास जाणवत होता, बाकीच्यांची तक्रार नव्हती. तपासणी झाली तेव्हा ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी नि उपचार झालेल्या बाया होत्या अवघ्या ८ टक्के.

वजाबाकी तुला येते. शंभरात ५५ जणींना त्रास जाणवत होता, आजारी निघाल्या ९२. म्हणजे शंभरातल्या निदान ३७ जणी आजार घेऊन फिरत होत्या आणि आपल्याला काही झालेलं नाही असं मानत होत्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळीला फार जातं, हे आईचंही असंच होतं, जावेचंही असंच आहे, म्हणून त्यांनी ते दुखण्यात धरलंच नाही. तुझं ‘बरी आहे’ हे त्याच रांगेतलं आहे. ते उत्तर तू स्वतःला तपासून देत नाहीस. पाठ झालंय म्हणून देतेस.

आणि हे पाठ झालेलं उत्तर किती महागात पडतं, ते तुझ्या बाजूच्या बाकावर बसणाऱ्या पोरीने दाखवलं आहे. तिचं नाव मी इथे घेत नाही, तुला ठाऊक आहे. पाळी नसतानाही अंगावरून लाल जात होतं. वर्षभर कुणाला बोलली नाही. मुलीची दहावी, मग दिराचं लग्न, मग धानाची कापणी. नागपूरला नेलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता. हा आजार लवकर सापडला तर बरा होतो, पोरी. म्हणूनच तिशी ओलांडलेल्या बाईसाठी सरकारी दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाची आणि स्तनांची तपासणी ठेवली आहे. पैसा लागत नाही. तिच्या तेराव्याला सगळे म्हणत होते, किती सोसलं बिचारीने, कधी शब्दाने बोलली नाही. मला तिथे उभं राहवलं नाही. एक बाई न बोलल्यामुळे मेली आणि तिच्या न बोलण्याचंच कौतुक चाललं होतं.

आता तुझं जेवण. मी तुझ्या घरी जेवले आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. आधी सासरे, मग नवरा नि मुलगा, मग मुलगी नि सासू, मग भांडी आवरता आवरता तू. गंजाच्या तळाला उरलेला भात आणि वरणाचं वरचं पाणी. भाजी संपलेलीच असते. पाहुणा आला की तेवढंही नाही, मग चहावर भागवतेस. वर मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. माझं देवाशी भांडण नाही. पण ज्या बाईच्या अंगात रक्त नाही तिने नऊ दिवस साबुदाणा नि चहावर काढावे, हे मला मान्य नाही, आणि कुठल्याही देवीला ते हवं असेल यावर माझा विश्वास नाही.

मुलीच्या वेळी तू गरोदर असताना तुझं कार्ड मला दाखवलं होतंस. हिमोग्लोबिनच्या पुढे ८ लिहिलं होतं. गरोदरपणात ते निदान ११ लागतं, एरवी बाईला १२. लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस रोज एक. तू किती खाल्ल्यास? शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून डबा फळीवर टाकलास. शौचाला काळं होणं हे त्या गोळीचं असतंच, त्याने काही बिघडत नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यायची. लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर ती चांगली लागू पडते आणि लागलीच वर चहा घेतला तर वाया जाते. हे आशाताईने सांगितलं होतं. तिचं ऐकून बाळाच्या सगळ्या लसी तारखेवर दिल्यास, एकही चुकवली नाहीस. त्याच ताईचं स्वतःबद्दलचं बोलणं मात्र एका कानाने ऐकलंस.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. कमी व्हायचा तो वाढला. आपल्या भागात सिकलसेलचीही भर आहे, म्हणून इथे तर रक्त तपासल्याशिवाय ‘अशक्तपणा आहे, होईल बरं’ असं म्हणून चालतच नाही. लोहाची भाजी तर हाताशीच आहे: तुझ्या दारात मुनगा आहे, पावसाळ्यात बांधाबांधाला तरोटा उगवतो. भाजी तूच खुडतेस, तूच रांधतेस, आणि ताटात तुझ्याच येत नाही.

तू म्हणशील, मले वेळच नाही भेटत, मॅडम. ठीक आहे, वेळेचाही हिशेब करू, कारण इथे मी तुझ्यावर अन्याय करणार नाही. मोहाच्या दिवसांत तू उजाडायच्या आधी टोपली घेऊन रानात असतेस. मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवसभर तोडायचा नि संध्याकाळी पुडे बांधत बसायचं. आषाढ-श्रावणात रोवणी, चिखलात वाकून दिवस काढायचे. त्या दिवसांत तू दुपारी तासभर झोप असं मी म्हणणार नाही, मला कळतं. वेळेचा सरकारी हिशेबही तुझ्याच बाजूने आहे. २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. जे पुरुष घरकामाला हात लावत त्यांची ९७, आणि असे पुरुष चारांत एकच. शेतातलं नि रानातलं काम यात धरलेलंच नाही.

तेव्हा तुला वेळ नाही हे खरं आहे. पण तो का नाही, हे तू कधी कुणाला मोठ्याने सांगितलंस? तुझा नवरा माझ्याच शाळेत होता. स्काउटच्या शिबिरात त्याने चाळीस पोरांची खिचडी रांधली होती आणि चांगली रांधली होती, मी खाल्ली आहे. त्याला येत नाही असं तू मला सांगू नकोस. तो करत नाही, कारण तू कधी म्हटलं नाहीस, आणि कधी त्याने भांडी घासायला घेतलीच तर सासूबाईंनी काही बोलायच्या आधी तूच त्याच्या हातातून ओढून घेतलीस, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. मुलगा अठरा वर्षांचा घोडा झाला, त्याला प्यायचं पाणी हातात देतेस. त्याची बायको उद्या तुला काय म्हणेल? नवऱ्याशीही मी बोलणार आहे, त्याला सोडणार नाही. पण त्याच्या वाटणीचं काम तू मागशील तेव्हा तो करेल, मी मागून नाही.

मंडईचंच घे. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक. वडशाची कंपनी, पहाटेपर्यंत खेळ. शाळेत असताना तुला नाटकाचं किती वेड होतं! गॅदरिंगमध्ये तू केलेलं काम अजून लोक आठवतात. आता मंडईच्या दिवशी घरात पंधरा पाहुणे असतात, त्यांचं करून, आवरून तू मांडवात पोचतेस तेव्हा अर्धं नाटक झालेलं असतं, आणि बसल्या जागी डोळा लागतो. वर्षातून एक रात्र तुझ्या आवडीची, तीही तू पाहुण्यांच्या ताटांत वाढून टाकलीस. यावर्षी स्वयंपाक दुपारीच करून ठेव, वाढायला नवरा नि मुलगा आहेत, आणि पहिली घंटा होण्याआधी जाऊन बस.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बचत गटाच्या रजिस्टरचं वाचन तू करायचीस, ते सोडलंस. का, विचारलं तर म्हणालीस, ‘आता नाही जमत, विसरली मी वाचणं, डोकं चालत नाही.’ मी तुझ्या हातात वर्तमानपत्र दिलं तर तू ते हात लांब करून धरलंस. अगं वेडे, तुझं डोकं ठिकाणावर आहे, तुला चाळिशी लागली आहे! चाळिशीच्या आसपास प्रत्येकाला जवळचं अंधुक दिसायला लागतं. नवऱ्याने चष्मा कधीच करून घेतला. सासूबाईंचं ऑपरेशन तू करवून घेतलंस, डोळ्यांत थेंब घालायला दिवसातून कितीदा उठत होतीस. तुझ्या स्वतःच्या डोळ्यांना साधा वाचायचा चष्मा हवा, हे तुझ्या ध्यानात आलं नाही, आणि तू ठरवून टाकलंस की आपली अक्कलच गेली. वर्गात पहिल्या पाचांत असलेल्या पोरीने काचेच्या दोन तुकड्यांअभावी स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावं, याचा मला जितका राग आला तितका फार कशाचा आला नसेल.

आत्मविश्वास गेला म्हणतेस ना, तो असा जातो. चष्मा नाही म्हणून वाचणं सुटतं, वाचणं सुटलं म्हणून गटात बोलणं सुटतं. रक्त नाही म्हणून दम लागतो, दम लागतो म्हणून चार बायांबरोबर तहसीलला जायला तू नाही म्हणतेस, आणि घरी बसून स्वतःला समजावतेस की आपल्याला काही जमत नाही. मनाला दोष देण्याआधी अंगाकडे बघ. मोबाइलवर कुणी तरी सांगतं, आरशासमोर उभं राहून म्हणा की मी सुंदर आहे, मी समर्थ आहे. म्हण हवं तर. पण अंगात रक्त नसताना आरशाशी कितीही बोललीस तरी चार पायऱ्या चढवणार नाहीत.

आणि तू भित्र्या गावची नाहीस. १९९३ साली आपल्या जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती आयती मिळाली नाही. तू तेव्हा तिसरीत होतीस, तुझी आई मोर्च्यात होती, घरून शिव्या खाऊन गेली होती. आजही मोहाचा सडवा सापडला की मडकी फोडायला बायाच पुढे असतात, तूही होतीस, मी ऐकलं आहे. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदाताई देशमुख यांनी १९८४ साली सुरू केलेली ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था तुझ्या कुरखेड्यातच आहे. तिच्या कामातून या भागात बायांचे बचत गट उभे राहिले, गटांचे परिसंघ झाले. पलीकडे कोरचीत कुमारीबाई जमकातन याच वाटेने पुढे आल्या आणि ग्रामसभांनी मिळून उभ्या केलेल्या महाग्रामसभेच्या कामात बायांचा आवाज घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही घर आहे, शेत आहे, रोवणी आहे. पहिल्या दिवशी कुणाचाच आवाज धड निघत नाही. सहीच्या वेळी हात थरथरतो, बँकेत साहेबाने वर बघितलं की शब्द अडकतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कमी अडकतात. आधी धीर येईल आणि मग मी जाईन, असं म्हणत बसलीस तर तो यायचा नाही. कायद्याने नेहमीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. ती कागदावरच होऊन जाते, कारण तू नि तुझ्यासारख्या सह्या पाठवून देता. नळाचं पाणी, उपकेंद्रात डॉक्टर किती वाजता येतात, रात्री वस्तीत दिवे का नाहीत, हे तिथे विचारायचं असतं. तू दारूवाल्याच्या दारात उभी राहतेस, आणि स्वतःच्या घरात ‘आज मला बरं नाही, मी झोपते’ एवढं वाक्य तुझ्या तोंडून निघत नाही. त्या वाक्यापासून सुरुवात कर, ग्रामसभा त्यापुढे सोपी आहे.

मुलीबद्दल मी मुद्दाम उशिरा बोलते, कारण तिथे माझा आवाज चढतो. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी स्वतः वाटली आहे. बाकांच्या मागे, खिडकीच्या गजाबाहेर त्या गोळ्या सापडायच्या. मुलींना दरडावलं की म्हणायच्या, आई म्हणते पोट दुखतं तर नको खाऊ, काही होत नाही. तुझी मुलगीही हेच म्हणते, मी विचारलं तिला. आणि परवा तुमच्याकडे आले होते तेव्हा पाहिलं, तिने भावाच्या ताटात अंडं वाढलं नि स्वतःला न घेता बसली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तू रोज करतेस ते ती शिकली. बारा वर्षांची पोर आहे, आताच तिची पाळी सुरू झाली आहे, रक्ताची सगळ्यात जास्त गरज तिला आहे. तू स्वतःसाठी काही करायला तयार नसशील तर तुझं तुझ्यापाशी. पण माझ्या डोळ्यांदेखत तू दुसरी ‘काही नाही, बरी आहे’ म्हणणारी बाई तयार करते आहेस, ते मी चालू देणार नाही.

पैशाचं कारण सांगू नकोस. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये तुझ्या नावाच्या खात्यात येतात. मागच्या हप्त्याचं काय झालं? मुलाच्या मोबाइलचा रिचार्ज, किराण्याची उधारी, नणंदेच्या घरच्या बारशाचा आहेर. त्यातले पाचशे तरी तुझ्या अंगाला लागले पाहिजेत. चष्मा, अंडी, पायात धड चप्पल. एसटीत बायांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, तपासणीसाठी वडशाला किंवा गडचिरोलीला जायची वेळ आली तरी भाड्याने अडत नाही. रोवणीला दोन महिने आहेत, कापणीला त्याहून जास्त. आता केलं नाहीस तर पुन्हा पुढल्या चैतापर्यंत तेच रडगाणं चालेल.

तेव्हा आता लिहून घे. सोमवारी सकाळी उपजिल्हा रुग्णालयात जायचं. रक्त, रक्तदाब, साखर, सिकलसेल, आणि बायांची आतली तपासणी. लाजायचं नाही, पुरुष डॉक्टर असेल तर बाई डॉक्टर किंवा सिस्टर सोबत हवी म्हणून सांगायचं, तो तुझा हक्क आहे. तपासायला लागेल तेवढा वेळ लागू दे, त्या दिवशीचा स्वयंपाक नवरा करेल, त्याला हे आज रात्रीच सांग. परत येताना चष्मा करायला टाक. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत रजिस्टर तू वाचायचं, अडखळलीस तरी तूच. आजपासून मुलीबरोबर ताटावर बसायचं, तिला आणि तुला एकाच वेळी वाढायचं, भाजी आधी काढून ठेवायची. आणि गुरुवारी रिपोर्टचे कागद घेऊन माझ्याकडे ये. चारनंतर मी घरीच असते. मुलांना सोबत आणू नकोस, सासूबाईंचं औषध, मुलाचे क्लास, धानाचा भाव यातलं काही मला सांगू नकोस. मी कशी आहेस असं विचारणार आहे, आणि मला पूर्ण उत्तर हवं आहे.